जमीन विकून आलेला पैसा : कर वांचतो किती, जोखीम किती

रस्ता रुंद झाला, औद्योगिक वसाहत आली, किंवा शहर वाढतां वाढतां शिवारापर्यंत येऊन ठेपलें, म्हणजे ज्या जमिनीस काल कोणी विचारीत नव्हतें तिच्या बांधावर आज मोटारी उभ्या राहूं लागतात. वडिलोपार्जित दोन-चार एकर विकून शेतकऱ्याच्या हातीं एकदम इतकी रक्कम येते कीं तितकी त्यानें जन्मभर नांगर हांकूनहि पाहिलेली नसते. असा प्रसंग आयुष्यांत बहुधा एकदांच येतो. पीक बुडालें तर पुढच्या मृगाची वाट पाहतां येते. जमीन विकून आलेली रक्कम बुडाली म्हणजे तिला दुसरा मृग नसतो.

या रकमेभोंवतीं सल्लागार लवकरच जमतात, आणि त्या सर्वांचें एक वाक्य ठरलेलें असतें : "कर वांचवावयाचा असेल तर लवकर कांहीं तरी घ्या." यांतील कराची भीति खरी किती, ही घाई कोणाच्या हिताची, आणि त्या ‘कांहीं तरी’मध्यें जोखीम किती, याचा विचार आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम आमच्याच घरची हकीकत सांगतों. आमच्या एका चुलत बंधूंनीं २०१८ सालीं रस्त्यालगतची दोन एकर जमीन ४८ लाख रुपयांस विकली. गांव तालुक्याच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेंत चार किलोमीटर. खरेदीखताची शाई वाळते न वाळते तोंच एक दलाल घरीं आला. "वर्षाच्या आंत घर घेतलें नाहीं तर पांचवा हिस्सा सरकार घेऊन जाईल," असें सांगून त्यानें जिल्ह्याच्या ठिकाणीं चालू असलेल्या एका इमारतीचें रंगीत चित्र पुढें ठेवलें. बंधूंनीं घाबरून ४१ लाखांचा फ्लॅट ठरविला आणि आठ महिन्यांत बहुतेक सर्व पैसे भरून टाकले. इमारत तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर थांबली. पुढें तीन वर्षांनीं कांहीं कामानिमित्त ते एका सनदी लेखापालाकडे गेले असतां त्यानें सातबारा व नकाशा पाहून पहिलाच प्रश्न केला, "या जमिनीवर कर लागतच नव्हता, मग आपण वांचविलेंत काय?"

हा प्रश्न विकणाऱ्यानें विक्रीच्या अगोदर विचारावयाचा असतो. प्राप्तिकराच्या कायद्यांत ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ता समजलीच जात नाहीं. त्यामुळें तिच्या विक्रींतील नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाहीं. ग्रामीण कोणती, हें ठरविण्याची रीत अशी : दहा हजार किंवा त्याहून अधिक वस्तीच्या नगरपालिकेच्या, महानगरपालिकेच्या किंवा कटक मंडळाच्या हद्दींत जी जमीन आहे ती ग्रामीण नव्हे. हद्दीबाहेरहि, त्या शहराची वस्ती दहा हजारांहून अधिक पण एक लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर सहा किलोमीटर, आणि दहा लाखांहून अधिक असेल तर आठ किलोमीटर एवढा पट्टा ग्रामीण धरीत नाहींत. त्यापलीकडची शेतजमीन ग्रामीण. हें अंतर रस्त्यानें नव्हे, तर सरळ हवाई रेषेंत मोजावें, असा बदल २०१३ च्या वित्त अधिनियमानें झाला. वस्तीचा आंकडा प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या शिरगणतीचा घ्यावयाचा. २०२१ ची शिरगणती लांबणीवर पडल्यानें २०११ चेच आंकडे वापरांत राहिले. आमच्या बंधूंच्या तालुक्याच्या गांवची वस्ती एक लाखाच्या आंत, म्हणजे पट्टा दोन किलोमीटरांचा, आणि जमीन चार किलोमीटरांवर. एवढें मोजून पाहण्यास एक दुपार पुरली असती.

मात्र ही रेषा जागच्या जागीं राहत नाहीं. पुणें महानगरपालिकेंत २०१७ सालीं अकरा गांवें आणि २०२१ सालीं आणखी तेवीस गांवें घेण्यांत आलीं. हद्द पुढें सरकली कीं तिच्यापुढचा आठ किलोमीटरांचा पट्टाहि पुढें सरकतो, आणि काल करमुक्त असलेलें शिवार आज करपात्र होतें. विक्रीच्या दिवशीं हद्द कोठें होती हाच प्रश्न महत्त्वाचा. म्हणून नगररचना कार्यालयाचा किंवा भूमिअभिलेखाचा अंतराचा दाखला त्याच वेळीं घेऊन दप्तरीं ठेवावा. पांच वर्षांनीं नोटीस आल्यावर तो मिळविणें कठीण जातें.

दुसरी गोष्ट पीकपाहणीची. जमीन शेतीची होती आणि तींत शेती होत होती, हें सांगणारा मुख्य कागद सातबारा. विक्रीपूर्वींच्या वर्षांत तेथें ‘पड’ अशी नोंद असेल तर सवलत मागणाऱ्याची बाजू लंगडी पडते. २०२१ पासून ई-पीक पाहणींत ही नोंद शेतकऱ्यास स्वतःच्या मोबाइलवरून करतां येते. तरीहि विकावयाची म्हणून ठरलेली जमीन पडीक टाकून नोंदहि न करणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. बाजरीची एक नोंद कांहीं लाखांची असूं शकते, हें त्यांच्या लक्षांत येत नाहीं.

सरकारनें जमीन संपादन केली तर स्थिति आणखी निराळी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालीं मिळालेल्या मोबदल्यावर त्या कायद्याच्या ९६ व्या कलमानें प्राप्तिकर माफ आहे, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानें २०१६ च्या परिपत्रकांत तें स्पष्ट केलें. अपवाद खाजगी रीतीनें, म्हणजे ४६ व्या कलमाखालीं, झालेल्या खरेदीचा. शहरी पट्ट्यांतील शेतजमीन सक्तीनें गेली आणि तींत आधींचीं दोन वर्षें शेती होत होती, तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यांतहि व्यक्तीस व एकत्र कुटुंबास माफी होती. (या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा अमलांत येण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यांत कलमांचे आंकडे बदलले, तत्त्वें बहुतांशीं तींच राहिलीं. म्हणून खालीं दिलेले आंकडे जुन्या कायद्याचे समजावे.)

आतां ज्यांची जमीन खरोखरच शहरी पट्ट्यांत येते त्यांच्याकडे वळूं. २३ जुलै २०२४ पासून कराचा दर बदलला. चोवीस महिन्यांहून अधिक काळ जवळ असलेल्या जमिनीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, आणि भाववाढीची वजावट नाहीं, असा नवा नियम झाला. परंतु त्या तारखेपूर्वीं मिळविलेल्या जमीन-घरांपुरती येथील रहिवासी व्यक्तीस व एकत्र कुटुंबास एक मुभा ठेवली आहे. मूळ किंमत निर्देशांकानें वाढवून उरलेल्या नफ्यावर वीस टक्के, अशा जुन्या रीतीचाहि हिशेब करावा आणि जो कर कमी येईल तोच द्यावा. १ एप्रिल २००१ पूर्वींच्या जमिनीची मूळ किंमत म्हणून त्या दिवसाचा बाजारभाव धरतां येतो. मात्र तो त्या दिवसाच्या मुद्रांक-मूल्याहून अधिक धरतां येत नाहीं.

उदाहरण घेऊं. २००१ सालीं १० लाख किंमतीची जमीन २०२५-२६ सालीं ६० लाखांस विकली. नव्या रीतीनें नफा ५० लाख, कर ६ लाख २५ हजार. जुन्या रीतीनें, २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६ असल्यानें, मूळ किंमत ३७ लाख ६० हजार होते. नफा २२ लाख ४० हजार, आणि कर ४ लाख ४८ हजार. पावणेदोन लाखांहून अधिक रुपयांचा हा फरक केवळ हिशेबाचा आहे. त्यासाठीं कोठें पैसे गुंतवावे लागत नाहींत. उलट २००१ ची किंमत २ लाखच असती, तर नव्या रीतीनें ७ लाख २५ हजार आणि जुन्या रीतीनें सुमारें साडेदहा लाख कर आला असता. त्या वर्षाच्या निर्देशांकानें पाहतां, भाव साधारण आठ पटींच्या आंत वाढला असेल तर जुनी रीत, त्याहून फार अधिक वाढला असेल तर नवी रीत हिताची, असें स्थूलमानानें म्हणतां येईल. दोहोंवर शेंकडा चार उपकर निराळा. २००१ चें मूल्य काढून देणारा सरकारमान्य मूल्यनिर्धारक गांठावा. त्याची फी या फरकापुढें कांहींच नाहीं.

एवढें करूनहि जो कर उरेल तो वांचविण्याचे मुख्य मार्ग तीन. शेतकऱ्यास सर्वांत जवळचा मार्ग ५४ बी या कलमाचा. विकलेल्या जमिनींत आधींचीं दोन वर्षें स्वतः, आई-वडिलांनीं किंवा एकत्र कुटुंबानें शेती केलेली असावी, आणि विक्रीपासून दोन वर्षांच्या आंत दुसरी शेतजमीन घ्यावी. यांत सर्व किंमत गुंतवावी लागत नाहीं. नफ्याइतकी रक्कम गुंतविली म्हणजे पुरें. नवी जमीन तीन वर्षांच्या आंत विकल्यास सवलत गमावण्याचा प्रसंग येतो. खरेदीखत विकणाऱ्याच्याच नांवें करावें. मुलाच्या किंवा पत्नीच्या नांवें केल्यामुळें उत्पन्न झालेले वाद न्यायालयापर्यंत गेले आहेत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाहीं तर ती रक्कम १९८८ च्या भांडवली नफा खातें योजनेखालीं बँकेंत ठेवतां येते. या खात्याची माहिती दलाल कधीं देत नाहीं, कारण ती घाई मोडते. दोन वर्षें सावकाश फिरून, विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत पाहून, जमीन निवडण्याची सोय कायद्यानेंच ठेविली आहे.

दुसरा मार्ग ५४ एफ चा, म्हणजे राहतें घर. येथें मात्र नफा नव्हे, तर विक्रीची सर्व निव्वळ रक्कम गुंतवावी लागते. कमी गुंतविल्यास सवलत त्या प्रमाणांत मिळते. विक्रीपूर्वीं एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर विकत घ्यावें, अथवा तीन वर्षांत बांधून पुरें करावें. विक्रीच्या दिवशीं नव्या घराखेरीज एकाहून अधिक राहतीं घरें नांवावर नसावींत. नुसता प्लॉट घेऊन ही सवलत मिळत नाहीं. त्यावर तीन वर्षांत घर उभें राहिलें पाहिजे. दुकानाचा गाळा किंवा गोदाम घेऊन तर नाहींच नाहीं.

तिसरा मार्ग ५४ ईसी च्या रोख्यांचा. विक्रीपासून सहा महिन्यांच्या आंत ठराविक सरकारी संस्थांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत नफा गुंतवितां येतो. पांच वर्षें पैसे अडकतात, व्याज माफक आणि तेंहि करपात्र. परंतु मुद्दल बुडण्याची धास्ती तिघांत येथें सर्वांत कमी, हें दलालांच्या मांडणींत कधींच येत नाहीं.

येथवर कराचा हिशेब झाला. आमचें म्हणणें पुढेंच आहे. कराची सवलत म्हणजे जास्तींत जास्त नफ्याच्या साडेबारा किंवा वीस टक्क्यांची गोष्ट, आणि जोखीम सर्व रकमेची असते. सहा लाख वांचविण्यासाठीं साठ लाख अशा जागीं घालणें कीं जेथून ते कदाचित् परत येणार नाहींत, याला व्यवहार म्हणतां येत नाहीं. साधी कसोटी अशी कीं, कराची सवलत मुळींच नसती तर हीच वस्तु याच भावानें आपण घेतली असती काय? उत्तर नकारार्थी असेल तर कर भरून मोकळें होणें स्वस्त पडतें.

शिवाय घराच्या गुंतवणुकींतील ज्या सवलतींची शहरांत एवढी वाखाणणी होते त्या पगारदाराच्या उपयोगाच्या आहेत. जुन्या करपद्धतींत, राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट, ही त्यांतील मोठी. ज्याचें मुख्य उत्पन्न शेतीचें, म्हणजे मुळांतच करमुक्त, त्यानें ही वजावट कशांतून करावयाची? वजावट हें कर भरणाऱ्याचें साधन. ज्याला कर नाहीं त्याच्या हातीं केवळ कर्जाचा हप्ता राहतो, आणि तो हप्ता पाऊस पाहून थांबत नाहीं.

भाड्याचेंहि तसेंच. ५० लाखांचा फ्लॅट महिना बारा हजारांनीं दिला, वर्षांतून एक महिना रिकामा राहिला, घरपट्टी, सोसायटीची वर्गणी व दुरुस्ती मिळून सत्तावीस हजार गेले, तर हातीं एक लाख पांच हजार उरतात. म्हणजे शेंकडा दोनाहून थोडे अधिक. कायदा घरपट्टी वजा जातां उरलेल्या भाड्यावर तीस टक्के सरसकट वजावट देतो हें खरें, आणि एवढ्या लहान रकमेवर कर बहुधा लागणारहि नाहीं. परंतु इतर उत्पन्न मूळ मर्यादेच्या वर गेलें (२०२५-२६ सालीं नव्या पद्धतींत ही मर्यादा ४ लाख होती) कीं दर ठरवितांना शेतीचें उत्पन्नहि जमेस धरतात, हें विसरूं नये. आतां शेजारी शेतजमिनीचा खंड ठेवून पाहा. शेतीसाठीं दिलेल्या जमिनीचा खंड हें कायद्याच्या व्याख्येनेंच शेतीचें उत्पन्न आहे. त्याला तीस टक्क्यांच्या वजावटीची गरजच नाहीं.

जोखमीचा चढता क्रम लावावयाचा तर आम्ही तो असा लावूं. स्वतःच्या किंवा शेजारच्या शिवारांतील जमीन, जिचे बांध, पाणी आणि भाऊबंदकी आपणांस ठाऊक आहे, ती सर्वांत खालीं. तेथेंहि भोगवटादार वर्ग दोनची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून घेऊं नये, ‘इतर हक्क’ या रकान्यांतील बोजा वाचावा, आणि तीस वर्षांचा शोध घ्यावा. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. राहून पाहतां येईल असें, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलें पुरें घर त्याच्या वर. गाळा आणखी वर, कारण भाडें अधिक असलें तरी रिकामा गाळा वर्ष वर्ष रिकामा राहतो.

लांबच्या गांवचे प्लॉट याहून फार वर. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे निर्बंध वेळोवेळीं शिथिल झाले असले, तरी मंजूर रेखांकन नसलेल्या जमिनींतील एक-दोन गुंठ्यांचे सामाईक हिस्से आजहि विकले जातात. कागदावर हिस्सा असतो, जागेवर रस्ता नसतो. साठेखत व कुलमुखत्यारपत्र यांवर मालकी मिळत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट सांगितलें. तरीहि "खरेदीखत मागाहून करूं" या शब्दावर पैसे देणारे आहेतच. रोखीचा मोह तर दोन्हीं बाजूंस. २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार किंवा अधिक रुपये रोख घेणें निषिद्ध आहे आणि दंड तितक्याच रकमेचा. देणारा व घेणारा दोघेहि निव्वळ शेतीच्या उत्पन्नाचे असतील तरच अपवाद.

सर्वांत वर अपुरी इमारत. २०१६ चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणें अमलांत आला आणि महाराष्ट्रांत महारेरा स्थापन झालें, त्यामुळें स्थिति पुष्कळ सुधारली. प्रकल्पाची नोंदणी लागते, आणि गिऱ्हाइकांच्या पैशांपैकीं सत्तर टक्के निराळ्या खात्यांत ठेवून जमिनीच्या व बांधकामाच्या खर्चासाठींच काढावे लागतात. तरी नोंदणी म्हणजे हमी नव्हे. बंधूंच्या इमारतीचीहि नोंदणी होती. नोंदणीच्या पानावर पुरें करण्याची तारीख, तिला मिळालेल्या मुदतवाढी आणि जमिनीवरचीं कर्जें दिसतात. तीं पैसे देण्यापूर्वीं वाचावींत.

ज्यांना शहरांतील इमारतींचें भाडें हवें पण ही दगदग नको, त्यांच्यासाठीं स्थावराचे न्यास निघाले आहेत. देशांतील पहिला २०१९ सालीं शेअरबाजारांत आला. ऐंशी टक्के मालमत्ता पुरी होऊन भाडें देणारी असावी आणि वांटण्याजोग्या रकमेपैकीं नव्वद टक्के वांटावी, असा त्यांस नियम आहे. भाव रोज खालीं-वर होतो, आणि जमिनीच्या नफ्यावरची वरील कोणतीहि सवलत त्यांत मिळत नाहीं. पण विकावयाचें मनांत आलें तर बाजार उघडा असतो, हा गुण लहान नव्हे.

जमीन न विकतां स्वतःच वसाहत उभारावी, असाहि विचार कित्येक करतात. हडपसरच्या मगरपट्टा येथें सुमारें एकशेंवीस शेतकरी कुटुंबांनीं चारशेंहून अधिक एकर एकत्र करून, जमिनीच्या प्रमाणांत भाग घेऊन, नगर वसविलें, हें सर्वश्रुत आहे. तें उदाहरण थोर आहे, पण त्यामागें पुष्कळांचें आपसांतील नातें, सलग जमीन आणि शेजारीं वाढणारें पुणें होतें. एकट्यानें दोन एकर बिल्डरास विकसनासाठीं देणें ही निराळी गोष्ट. करारनामा नोंदलेला असेल तर २०१७ पासून त्यावरचा कर पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या वर्षीं लागतो, ही सोय आहे. पण तो दाखलाच मिळाला नाहीं तर हातीं जमीनहि नाहीं आणि घरहि नाहीं.

बंधूंनीं पुढें महारेराकडे तक्रार केली. सव्याज रक्कम परत करण्याचा हुकूम त्यांच्या बाजूनें झाला, आणि वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. अशी वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें होते. सारा थकला म्हणजे काय होतें हें आमच्या घराण्यास तीन पिढ्या ठाऊक आहे, म्हणून प्रथम सर्वांस धीर आला. परंतु बिल्डराच्या नांवावरील जागा आधींच बँकेकडे गहाण निघाली. मध्यंतरीं बंधूंच्या उरलेल्या शेताला लागून असलेलें सव्वादोन एकरांचें बागायत विकावयास निघालें होतें. मालकानें पहिल्यानें विचारलें तें त्यांनाच. तेथें आतां दुसऱ्याचा ऊस उभा आहे. गेल्या दिवाळीनंतर ते पुन्हा कचेरींत जाऊन आले. मालमत्तेचा शोध चालू आहे, असें उत्तर मिळालें.